माझ्यासमोर चालणारी गाडी

गॅरेज बंद करून तीन वर्षं झाली, तरी माणसं मला रस्त्यात अडवून तोंडानं इंजिनाचे आवाज काढून दाखवतात. परवा अड्याळच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. एका भल्या माणसानं हातातली पिशवी खाली ठेवली, "घर्र... घर्र... फट्" असं करून दाखवलं आणि विचारलं, "काय असन मिस्त्री?" मी म्हणालो, "तुह्यं का गाडीचं?" त्याला हसू आलं नाही. मग मुकाट्यानं सांगितलं, नोझल चेक करून घे. सवय जात नाही माणसाची.

दिवाळी अंक काढणारे आमचे मास्तर म्हणाले, "मिस्त्री, बत्तीस वर्षं जुन्या पिकअप खोलल्या तुम्ही. चार गमती लिहून द्या." गमती आहेत, नाही असं नाही. पण कागद पुढ्यात घेतला की एकच गोष्ट आठवते, आणि तिच्यात गंमत नाही. मास्तरांना म्हटलं, लाजेची गोष्ट चालेल का? ते म्हणाले, छापतो. आता त्यांनीच भोगावं.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये टाकी मागे, हौद्याखाली लटकलेली. इंजिन पुढे. मधे एक नळी. इंजिनाजवळचा छोटा पंप या नळीतून डिझेल ओढतो, फिल्टरमधून गाळून मोठ्या पंपाला देतो, आणि मोठा पंप ते नोझलमधून इंजिनात फवारतो. उरलंसुरलं दुसऱ्या नळीनं परत टाकीत जातं. बस, एवढंच आहे. पण ओढण्याच्या वाटेत कुठं केसाएवढी फट असली, तर पंप डिझेलसोबत हवाही ओढतो. त्याला आम्ही म्हणतो, गाडीनं एअर पकडली. अशी फट डोळ्याला दिसत नाही, कारण तिच्यातून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली एक थेंब नाही आणि गाडी मात्र पाच-सात किलोमीटरवर उभी. इंजिनाजवळचा छोटा हातपंप मारून एअर काढली की पुन्हा चालू. नवा मिस्त्री इथं रडकुंडीला येतो.

मी येत नव्हतो. नळीच्या मधे पारदर्शक नळीचा तुकडा जोडायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. तेवढ्यानं नाही भागलं तर बॉनेटवर डिझेलची कॅन ठेवायची आणि टाकीला वगळून कॅनमधूनच इंजिनाला पाजायचं. गाडी चालली तर दोष मागे, नाही चालली तर दोष पुढे. शेताच्या बांधाबांधानं जनावर शोधावं तसं एकेक तुकडा सोडत पुढे सरकायचं.

एकदा एक शेतकरी पिकअप ओढत घेऊन आला. गाडीला लिंबू-मिरच्या, बिबा, काळी बाहुली, सगळा साज. म्हणे नजर लागली, दर दोन किलोमीटरला बसते. मी बॉनेट उघडलं, तर इंजिनावर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं घरटं आणि त्यात उंदरीण पिलांसकट सुखानं नांदत होती. धानाच्या पुंजन्याला, म्हणजे मळणीच्या आधी रचून ठेवतात त्या ढिगाला लागूनच तो महिनाभर गाडी उभी करत होता. नळीला ठिकठिकाणी दात लागलेले. मी म्हणालो, "भाऊ, नजर लागली हे खरं आहे. उंदराची." मिरच्या सोडून सगळं कुरतडलं होतं तिनं.

अशा गोष्टींनी माझं नाव झालं होतं. पवनीपासून लोक यायचे. त्यातही माझी एक खास ओळख होती, ती म्हणजे बांबूची कमची. गाडी गॅरेजमध्ये शिरली की मी पहिलं काम करायचो ते टाकीचं झाकण उघडायचं. वाकणारी पातळ कमची आत घालून डिझेल किती आहे ते बघायचं, मग ती नाकाशी धरायची, बोटांत चोळायची. त्यात पाणी आहे, रॉकेल आहे की गाळ आहे, हे मी सांगायचो. समोर चौकातल्या टपरीवर बसलेले लोक चहा सोडून बघायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

याच कमचीनं माझा घात केला. माझा म्हणणंही चूकच आहे, दयारामचा केला.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. आमच्या गावात एक तांदळाचे व्यापारी होते. छोटी राइस मिल आणि एक जुनी पिकअप. त्यांचं नाव बदलतो, मोरेश्वरभाऊ म्हणू. आता ते नाहीत. त्यांच्या पिकअपवर दयाराम हटवार नावाचा ड्रायव्हर होता. त्याचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर, तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली. बोलणं कमी, हात साफ. मोरेश्वरभाऊंकडे तो नऊ वर्षं होता आणि मिलच्या किल्ल्यासुद्धा त्याच्याकडे असायच्या.

गाडी मिलच्या आवारात उभी राहायची आणि तिथं दिवसभर कोंडा उडायचा. टाकीचं झाकण जुनं, त्याचा चाप सैल झालेला, त्यामुळे कोंडा टाकीत जाऊन फिल्टर चोंदायचा. मी त्याच्यावर इलाज काढला. खताच्या पोत्याच्या आत येते ती प्लास्टिकची जाड पन्नी दुहेरी करून टाकीच्या तोंडावर लावली, वरून झाकण दाबलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी चहूबाजूंनी करकचून गुंडाळली. मुंगी जायची नाही असं पक्कं काम. डिझेल भरताना पट्टी सोडायची, भरलं की पुन्हा बांधायची. पुढे दोन-तीन गाडीवाल्यांनी येऊन तसंच करून घेतलं. त्यांच्या पट्ट्या बहुतेक ढिल्या बसल्या असाव्यात, त्यांना काही झालं नाही.

दोन महिन्यांनी मोरेश्वरभाऊंची गाडी बंद पडायला लागली. भंडाऱ्याच्या रस्त्यावर, माल भरलेला असताना, कुठंही. दयाराम ती कशीबशी गॅरेजला आणायचा. मी बाहेर यायचो, सवयीनं झाकण उघडायचो, कमची घालायचो, वास घ्यायचो, मग सेल्फ मारायचो. गाडी पहिल्या फटक्यात चालू. झाकण नुसतं ठेवून मी ती पवनीच्या रस्त्यानं लांबवर फिरवून आणायचो, ठणठणीत. पट्टी आवळून पुन्हा दयारामच्या हाती दिली की दोन दिवसांत बंद.

मी नळ्या बदलल्या, वॉशर बदलले. छोटा पंप बदलला. टाकी उतरवून धुतली, परत चढवली आणि वरून नवी ट्यूब आधीपेक्षा जास्त करकचून बांधली. गाडी बंद पडतच राहिली. माझ्यासमोर मात्र एकदाही नाही.

दयाराम एक दिवस म्हणाला, "मिस्त्री, एक गोष्ट सांगू का? टाकी फुल केली का लवकर बंद पडते. अर्धी असली का दिवसभर चालते."

मी मनात धरलं, फुल टाकीत लवकर बंद, म्हणजे हा भरतो तेच खराब आहे.

तो पुढे म्हणाला, "अन् बंद पडली का मी झाकन ढिलं करतो. आत हवा जाल्याचा आवाज येते. मंग चालू होते."

टपरीवर पाच-सहा जण होते. मी मोठ्यानं म्हणालो, "काहून बे, टाकीले दमा झाला का? इंजिन पुढे दुखते अन् तू मांगं मालिश करून राहिला." सगळे हसले. दयाराम हसला नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "एक डाव झाकन न खोलता चालवून पाहा ना, मिस्त्री."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं आठवतं. "गाडी चालवाचं तुह्यं काम आहे, पाहाचं माह्यं. आपापलं काम करू."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना कळलं असेल ते मनात मला शिव्या देत असतील. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी सांगतो. टाकीतून डिझेल कमी होतं, तेवढी हवा बाहेरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. हवा आलीच नाही तर टाकी आतून डिझेल धरून ठेवते आणि पंपाला ते ओढवत नाही. अरुंद तोंडाच्या बाटलीला ओठ घट्ट लावून पाणी ओढून बघा, दोन घोटांनंतर ओठच बाटलीला चिकटतात. टाकी फुल असेल तर आत मोकळी हवा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. अर्धी असेल तर उशिरा. दयारामनं दोन्ही गोष्टी मला सांगितल्या होत्या. छिद्र मी बुजवलं होतं. आणि दर वेळी गॅरेजमध्ये कमची घालण्यासाठी झाकण मीच उघडत होतो, त्यामुळे माझ्या हातात येईपर्यंत गाडी बरी झालेली असायची. डॉक्टरनं बेशुद्ध माणसाचा गळफास आधी सोडायचा आणि मग म्हणायचं की याला काही झालं नाही, असा तो प्रकार होता.

मग तो दिवस आला. भंडाऱ्याला मोरेश्वरभाऊंच्या व्याह्यांच्या घरचं लग्न होतं आणि जेवणाचा तांदूळ यांच्या मिलमधून जायचा होता. सकाळी गाडी निघाली, टाकी फुल. वाटेतल्या पहेला गावाच्या अलीकडे बंद पडली. दयारामनं झाकण ढिलं केलं, चालू केली, पुन्हा काही अंतरावर बंद. शेवटी दुसरी गाडी बोलावून पोती हलवली. तांदूळ पोचला तेव्हा पाहुणे पंगतीत बसून चुलीकडे बघत होते. मोरेश्वरभाऊंची व्याह्यांसमोर मान खाली गेली.

दुपारी ते तडक माझ्या गॅरेजवर आले. मागून दयाराम गाडी घेऊन आला. टपरी भरलेली होती. मोरेश्वरभाऊ उभ्याउभ्याच म्हणाले, "मिस्त्री, आज खरं सांगा. खराबी गाडीत आहे का मानसात?"

मी झाकण उघडलं, कमची घातली आणि नाकाशी धरली. सगळे बघत होते. मला वास आला, रॉकेलचा. म्हणजे तेव्हा मी तसं स्वतःला सांगितलं. आज सांगतो, वास आला नव्हता. तीन महिने हातातून निसटत असलेल्या गाडीचं मला काहीतरी उत्तर हवं होतं, आणि मला सापडत नाही हे त्या टपरीसमोर कबूल करायचं नव्हतं.

मी म्हणालो, "गाडीत नाई."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण समोर माणसं होती, आणि मी कमची पुसत पुढे बोललो, "गाडी राकेल पिऊन राहिली, तर डिझल कोन पिऊन राहिला?"

लोक हसले. मोरेश्वरभाऊंनी हात पुढे केला. दयारामनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली, मिलच्या किल्ल्यांचा जुडगाही कमरेचा सोडून दिला. माझ्याकडे बघितलं नाही. टपरीमागे त्याची सायकल होती, ती घेऊन तो गेला. मी चहा मागवला. तो चहा मी प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर गाडीवर मोरेश्वरभाऊंचा जावई बसला. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा बंद पडायला लागली. आता मात्र पंचाईत झाली. जावयाला कोण चोर म्हणणार?

मोरेश्वरभाऊ म्हणाले, "तुमीच घेऊन जा मिस्त्री, अन् बंद पडल्याशिवाय वापस आनू नका." जावयानं नुकतीच टाकी काठोकाठ भरून आणली होती. कमची घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या दिवशी मी झाकण उघडलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, असं म्हणालो तरी चालेल.

आठ-नऊ किलोमीटरवर गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. सकाळची वेळ होती, दोन्हीकडे धानाची शेतं, बाया निंदण करत होत्या. मी बॉनेट उघडून हातपंप मारला, तो दगडासारखा कडक. नळी सोडली, बुडबुडा नाही. एअर पकडलीच नव्हती. पंपाला डिझेलच येत नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो आणि मग दयारामचं वाक्य आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं आहे, मी ते विसरलोच नव्हतो.

मागे गेलो, ट्यूबची पट्टी सोडायला लागलो. शेवटचा वेढा निघाला आणि झाकणाखालची पन्नी आत ओढली गेलेली दिसली, वाटीसारखी. ती उचलली तशी टाकीनं हवा घेतली. इतका मोठा आवाज की बांधावरच्या बाईनं वाकलेली मान वर केली. मी सेल्फ मारला. गाडी चालू झाली.

जवळच्या नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलो. ती पन्नी हातात होती, माझ्याच हातानं कापलेली. नंतर पन्नी आणि ट्यूब नाल्यात टाकली, भंडाऱ्याला जाऊन नवं झाकण घेतलं आणि बसवलं.

परत आलो तर मोरेश्वरभाऊ मिलच्या दारात उभे. मी म्हणालो, "सापडलं. टाकीकडून गडबड होती. आता नाई बंद पडनार." ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "मंग दयाराम?"

त्यांनी विचारलं होतं. देवानं मला एक संधी नुसती ताटात वाढून दिली होती. मी म्हणालो, "तो वेगळा विषय आहे, भाऊ."

त्यानंतर ती गाडी चार वर्षं धावली आणि एकदाही तशी बंद पडली नाही. लोक म्हणायचे, मिस्त्रीनं हात लावला आणि गाडी सुधरली. दयारामला मात्र आमच्या भागात कोणी गाडी दिली नाही. तो वरठीला गेला, तिथल्या कारखान्यात ठेकेदाराकडे माल उतरवायच्या कामावर. आठवडाभर तिकडे आणि रविवारी घरी. मी मनाला समजावत होतो की काम तर मिळालं त्याला. अशी समजूत घालायला डोकं फार लागत नाही.

गॅरेज बंद केलं तेव्हा सामान विकताना ती कमची हाती लागली. मी ती मोडून चुलीत घातली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाला निघालो. दोन कोस जायला दहा वर्षं लागली.

पारीजवळ एक तरुण बाई रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं धान पायानं फिरवत होती. विचारलं, "बाई, दयाराम हटवार कोठी राहते?"

"कोनते दयाराम? इथी तीन आहेत."

"ड्रायवर होता तो."

"ड्रायवर तर दोघं आहेत."

मी घुटमळलो. दुसरी काही खूण मला माहीत नव्हती. गावागावातून कानावर येत होतं त्याला पडलेलं नाव, आणि ते माझ्याच तोंडून निघालेलं होतं. मी खाली बघत म्हणालो, "ते... राकेल म्हन्तेत ना लोक, तो."

तिचे पाय थांबले. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "ते माहे सासरे आहेत. या."

दयाराम अंगणात बाजेवर बसला होता. केस सगळे पांढरे. त्यानं मला ओळखलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं, सरकून जागा दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पन्नी, ट्यूब, पुलाचा कठडा, "वेगळा विषय". हात जोडले.

मग म्हणाला, "मले मालूम होतं."

"कवापासून?"

"तवापासूनच. जावई भेटला होता बाजारात. म्हने मिस्त्रीनं नवं झाकन टाकलं, आता गाडी चांगली चालते. मंग समजलो मी."

"मंग काहून नाई आला माह्याकडे? भांडाचं होतं, शिव्या द्याच्या होत्या."

"मी कायले येऊ?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "झाकन तुमचं होतं. मी वाट पाहिलो. एक वर्स पाहिलो, मंग सोडून देल्लो."

मला रडू आलं, साठीच्या पुढचा माणूस मी. तो म्हणाला, "बसा आता. पन मले सांगून काय होते, मिस्त्री? मले तर मालूमच होतं. तुमी चौकात बोलले होते."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चौकात गेलो. टपरी तीच, मालक बदललेला. त्या दिवशीच्या हसणाऱ्यांपैकी तिघंच सापडले, बाकी वारले नाहीतर पोरांकडे गेले. मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, दयारामनं डिझेल चोरलं नव्हतं, रॉकेल घातलं नव्हतं, चूक माझी होती आणि मी ती लपवली. त्यातला एक डोकं खाजवत म्हणाला, "कोनती गाडी बावा?" गाडी कोणाच्याच ध्यानात नव्हती. दुसरा मात्र मनापासून हळहळला. म्हणाला, "बरं केलं मिस्त्री, सांगून टाकलं." आणि बाकावर सरकून जागा करत प्रेमानं म्हणाला, "ये रे राकेल, बस. चहा घे."

दयाराम बसला. चहा घेतला. मला मात्र तो चहा गेला नाही.

हे लिहून झाल्यावर मी त्याच्या घरी जाऊन त्याला सगळं वाचून दाखवलं, सून दारात उभी राहून ऐकत होती. म्हटलं, दयाराम, मोरेश्वरभाऊंचं नाव बदललं आहे, तुझंही बदलू का? तो म्हणाला, "माह्यं बदलू नका. आडनावासकट राहू द्या." अंकाच्या दोन प्रती पाहिजेत असंही म्हणाला. एक सुनेला, घरी ठेवायला. दुसरी मी स्वतः नेऊन चौकातल्या टपरीवर ठेवायची आहे.